खारफुटीच्या चित्रातला बांगडा

कोकणातल्या शाळांच्या व्हरांड्यात हल्ली एक भित्तिचित्र वारंवार पाहायला मिळते. मधोमध खारफुटीचे झाड, त्याची मुळे कमानीसारखी पाण्यात उतरलेली, मुळांच्या जाळीत मासे, खेकडे, कोळंबी आणि वर फांदीवर बगळा. खाली ठळक अक्षरांत वाक्य असते : ‘खारफुटी म्हणजे माशांचे पाळणाघर.’ सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका शाळेत आम्ही असे चित्र मुलांबरोबर पाहत होतो. रापणीला जाणाऱ्या घरातला सातवीचा एक मुलगा बराच वेळ चित्राकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, बांगडो खाडयेत खय गावता?”

चित्रात, मुळांच्या बरोबर मध्ये, पाठीवर काळसर ठिपके असलेला बांगडा काढलेला होता.

बांगडा हा उघड्या समुद्रात थव्याने फिरणारा मासा. त्याची अंडी समुद्राच्या पाण्यात तरंगतात, पिल्ले तिथेच प्लवक खाऊन वाढतात. एखादा बांगडा खाडीच्या मुखाशी चुकून येईलही, पण कांदळाच्या मुळांत तो लहानाचा मोठा होत नाही. चित्रकाराची चूक तशी क्षुल्लक. एक मासा खोडून दुसरा काढला की झाले. परंतु त्या मुलाच्या प्रश्नानंतर आम्हाला वाटले, की केवळ मासा तपासून थांबू नये, खालचे वाक्यही तपासून पाहावे. कारण हे वाक्य आता शाळेच्या भिंतीपुरते राहिलेले नाही. रोपे कुठे लावायची, कोणता किनारा राखायचा, कोणाला किती भरपाई द्यायची, हे ठरवताना तेच वाक्य पुढे केले जाते. विज्ञानातल्या वाक्यावर लोकांची पोटे अवलंबून असतील, तर ते वाक्य किती खरे आहे आणि कुठे खरे आहे, हे विज्ञान शिकवणाऱ्यांनी पाहायला हवे.

आधी या वाक्याचे श्रेय त्याला देऊ. १९६० च्या दशकापर्यंत जगात बहुतेक ठिकाणी खारफुटीची दलदल म्हणजे डासांची पैदास करणारी पडीक जमीन असेच मानले जाई. आपल्या कागदपत्रांतही अशा जमिनीची गणना बहुधा ‘निरुपयोगी’ याच सदरात होत असे. विल्यम ओडम आणि एरिक हील्ड या दोघा तरुण संशोधकांनी त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, नॉर्थ नदीच्या खाडीत, खारफुटीच्या गळणाऱ्या पानांचा पाठपुरावा केला. पान पाण्यात पडते, त्यावर बुरशी व जिवाणू वाढतात, त्या कुजक्या तुकड्यांवर लहान कवचधारी प्राणी जगतात आणि त्यांच्यावर मासे. दलदलीतील पान आणि कोळ्याच्या जाळ्यातला मासा यांच्यामध्ये प्रथमच एक साखळी दिसू लागली. पडीक जमिनीला ‘पाळणाघर’ म्हणणे हा तेव्हा मोठाच पालट होता, आणि खारफुटीवर पुढे जी थोडीफार माया लोकांत निर्माण झाली, तिचा बराच भाग या कामातून आलेला आहे.

या साखळीची पुढे परीक्षाही झाली. खारफुटीच्या पानातील आणि शेवाळ किंवा प्लवकातील कार्बनच्या जड व हलक्या समस्थानिकांचे प्रमाण वेगवेगळे असते. प्राणी जे खातो त्याची खूण त्याच्या मांसात उतरते. मलेशियाच्या किनाऱ्यावर या पद्धतीने कोळंबी तपासली गेली. खाडीच्या आत पकडलेल्या कोळंबीत खारफुटीच्या कार्बनची खूण ठळक होती. समुद्राकडे जावे तशी ती पुसट होत गेली आणि प्लवकाची खूण वाढत गेली. म्हणजे पानांचे अन्न खरे, पण त्याची धाव फार लांबवर नाही. मग लहान मासे मुळांत येतात ते कशासाठी? ऑस्ट्रेलियातील मोरटन उपसागरात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत संशोधकांनी मुळांसारख्या कृत्रिम काड्या पाण्यात उभ्या केल्या. पिल्ले त्या काड्यांजवळ गोळा झाली. काड्यांवर शेवाळ चढल्यावर अधिक झाली. आणि शिकारी मासा जवळ असेल तर आडोशाचा आश्रय त्यांनी अधिकच घेतला. थोडक्यात, तिथे खाऊ आहे आणि लपायला जागाही आहे. पाळणाघरात सांभाळणारी बाई मात्र नाही, आणि आईही संध्याकाळी न्यायला येत नाही. उपमेचे एवढे वाकडे अंग सोडून द्यावे.

पण ‘पाळणाघर’ या शब्दाचा शास्त्रीय अर्थ कोणता? पिल्ले सापडली, की ती जागा पाळणाघर झाली असे अनेक वर्षे समजले जाई. २००१ साली मायकल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात या सैल वापरावर बोट ठेवले. त्यांची व्याख्या शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावी अशी आहे. तिच्यात चार गोष्टी पाहायच्या : पिल्लांची दाटी किती, ती वाढतात किती वेगाने, जगतात किती, आणि मोठी होऊन प्रौढांच्या ठिकाणी पोचतात किती. या चारींचा एकत्र परिणाम, दर एकक क्षेत्रामागे, पिल्ले सापडणाऱ्या इतर जागांपेक्षा सरस असेल तरच त्या जागेला पाळणाघर म्हणावे. यातली पहिली गोष्ट जाळे टाकून मोजता येते. चौथी मोजणे फार कठीण, आणि सगळा मुद्दा चौथीतच आहे. ज्या शाळेत पटावर शंभर मुले आहेत पण दहावीला कोणीच पोचत नाही, त्या शाळेला आपण काय म्हणू?

चौथी गोष्ट मोजण्याची एक सुंदर युक्ती मात्र आहे, आणि तिचे साहित्य कोकणातल्या प्रत्येक मुलाने ताटात पाहिलेले असते. ढोमा किंवा घोळ खाताना डोक्यातून दोन पांढरे खडे निघतात. ते माशाच्या कानातले तोल सांभाळणारे खडे. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे त्यांच्यावर थर चढत जातात, आणि मासा ज्या पाण्यात असेल त्या पाण्यातील स्ट्रॉन्शियम, बेरियम यांसारखी मूलद्रव्ये थोड्या प्रमाणात त्या थरात अडकतात. खाऱ्या पाण्यात स्ट्रॉन्शियम अधिक, नदीच्या पाण्यात बेरियम अधिक. तेव्हा समुद्रात पकडलेल्या माशाच्या खड्याचा गाभा तपासला, तर तो लहानपणी खाडीत होता की नव्हता, हे कळू शकते. खडा म्हणजे माशाचा शाळा सोडल्याचा दाखलाच!

आता या वाक्याच्या बाजूने असलेला सर्वांत भक्कम पुरावा पाहू. पीटर मम्बी आणि सहकाऱ्यांचा लेख २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. कॅरिबियन समुद्रात त्यांनी जवळपास खारफुटी असलेल्या आणि नसलेल्या प्रवाळ खडकांची तुलना केली. खारफुटीशी जोडलेल्या खडकांवर बाजारात विकल्या जाणाऱ्या अनेक जातींचे एकूण वजन दुपटीहून अधिक भरले. अटलांटिकमधील सर्वांत मोठा शाकाहारी मासा म्हणून ओळखला जाणारा इंद्रधनुषी पोपटमासा तर खारफुटी तोडलेल्या भागातून नाहीसाच झाला होता. यात केवळ ‘पिल्ले सापडली’ असे नाही, तर प्रौढ माशांच्या ठिकाणी जाऊन फरक मोजलेला आहे. आम्हाला हा पुरावा पटतो.

पण कॅरिबियन किनाऱ्यावर भरती-ओहोटीत पाण्याची पातळी जेमतेम फूट-दीड फूट हलते. मुळे रात्रंदिवस पाण्यात. मुंबईला उधाणाच्या दिवसांत हा फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. आपल्या खाडीतल्या तिवरांची मुळे दिवसातून दोनदा कोरडी पडतात आणि मुळांतल्या प्रत्येक पिल्लाला दिवसातून दोनदा घर सोडून ओहोळात उतरावे लागते. त्या वेळी ते कुठे जाते? चिखलाच्या पुळणीच्या कडेला, ओहोळाच्या खोलगटात. म्हणजे आपल्याकडचे ‘पाळणाघर’ हे एकटे झाड नसून झाड, ओहोळ, चिखल आणि खाडीचे मोकळे तोंड असे सगळे मिळून आहे. चित्रात यांपैकी फक्त झाड काढलेले असते.

दुसरा नेहमी उद्‌धृत होणारा पुरावा आकड्यांचा आहे, आणि इथे आम्हाला थोडे थांबायचे आहे. ऑक्टाव्हिओ अबुर्तो-ओरोपेझा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात मेक्सिकोतील कॅलिफोर्नियाच्या आखाताचा अभ्यास प्रसिद्ध केला. आखाताच्या १३ भागांतील २००१ ते २००५ मधल्या मासळीच्या नोंदी त्यांनी घेतल्या. लहान होड्यांच्या मासेमारीतील ३२ टक्के मासळी खारफुटीशी संबंधित माशांची व खेकड्यांची होती, आणि ज्या भागात खारफुटीची कड लांब, त्या भागात ही मासळी अधिक. त्यावरून त्यांनी काढलेली किंमत जगभर गाजली : दर हेक्टरी दर वर्षी सुमारे ३७,५०० डॉलर.

काम चांगले आहे. लेखकांनी सगळ्या माशांना एका जाळ्यात धरले नाही. ज्यांचे जीवनचक्र खारफुटीशी जोडलेले आहे अशाच जाती वेगळ्या काढल्या. आमच्या भित्तिचित्रकाराने ही काळजी घेतली असती तर बांगडा वाचला असता. पण आकडा वर्तमानपत्रांत, भाषणांत आणि अहवालांत शिरला तेव्हा एक शब्द वाटेत गळून पडला. मूळ लेखातला हेक्टर हा जंगलाचा हेक्टर नाही. तो पाण्याला लागून असलेल्या कडेचा हेक्टर आहे. ही कड ५ ते १० मीटर रुंदीची धरलेली आहे. वर्गात गणित करून पाहा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. पट्टी १० मीटर रुंद असेल तर ती एक किलोमीटर लांब भरेल, ५ मीटर असेल तर दोन किलोमीटर. म्हणजे ३७,५०० डॉलर ही एक ते दोन किलोमीटर काठाची किंमत झाली.

आता हाच आकडा घेऊन कोणी महाराष्ट्राच्या खारफुटीला गुणला तर काय होईल? भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राची खारफुटी ३२४ चौरस किलोमीटर, म्हणजे ३२,४०० हेक्टर दिली आहे. गुणाकार १२१ कोटी ५० लाख डॉलर येतो. ऐकायला भारदस्त, पण निरर्थक. काठाची किंमत आतल्या संपूर्ण जंगलाला लावली, वाळवंटी किनाऱ्याच्या आखाताची किंमत पावसाळी नद्यांच्या कोकणाला लावली, आणि तिथल्या माशाचा भाव इथल्या माशाला लावला.

आकड्याचा हा फुगवटा एक वेळ निरुपद्रवी वाटेल. चांगल्या कामासाठी थोडे वाढवून सांगितले तर बिघडले कुठे, असे आम्हाला अनेकांनी विचारले आहे. बिघडते ते असे. सगळी किंमत काठातच असेल, तर दहा मीटरची किनार ठेवून मागचे जंगल भरणी करायला मोकळे, असा युक्तिवाद त्याच लेखाच्या आधारे करता येतो. वस्तुतः मागचे जंगल गाळ धरते, ओहोळांना पाणी पुरवते, आणि भरतीचे पाणी आत पसरायला जागा देते म्हणून पुढचा काठ काठ राहतो. पण हे डॉलरच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. ज्याच्या हातात आकडा, त्याच्या हातात कात्री. आणि आकडा नेहमी मच्छीमाराच्याच हातात राहील याची खात्री नाही.

भारतासाठीही असा हिशोब झाला आहे. लावण्या ॲनेबोइना आणि के. एस. कवी कुमार यांनी २०१७ मध्ये राज्यवार आकडेवारीवरून २०११ च्या सागरी मत्स्योत्पादनातील खारफुटीचा वाटा सुमारे २३ टक्के असल्याचे मांडले. सबंध देशासाठी असा अंदाज करण्याचे धाडस मोलाचे आहे. परंतु राज्यवार आकड्यांत एक जुनीच अडचण असते. ज्या तालुक्यात शाळा जास्त तिथे दवाखानेही जास्त असतात. त्यावरून शाळेमुळे माणसे आजारी पडतात असा निष्कर्ष कोणी काढत नाही. लांब किनारा, रुंद उथळ समुद्र आणि मोठ्या नद्या जिथे आहेत तिथे खारफुटीही जास्त आणि मासळीही जास्त. दोघींचे कारण तिसरेच असू शकते. एस. वाय. ली यांनी २००४ साली उष्ण कटिबंधातील देशांची कोळंबीची आकडेवारी याच शंकेने पुन्हा तपासली, तेव्हा खारफुटीच्या क्षेत्रफळापेक्षा भरती-ओहोटीच्या फरकाशी कोळंबीचे नाते अधिक ठळक दिसले.

हीच अडचण उलट्या दिशेनेही फसवते, आणि त्याचे उदाहरण घरचेच आहे. वन सर्वेक्षणाच्या १९८७ च्या अहवालात महाराष्ट्राची खारफुटी १४० चौरस किलोमीटर होती. २०१९ मध्ये ती ३२० झाली. त्याच २०१९ साली कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने महाराष्ट्राची सागरी मासळी २ लाख १ हजार टन असल्याचा अंदाज दिला, आणि तो आधीच्या ४५ वर्षांतील नीचांक होता. खारफुटी दुपटीहून वाढली आणि मासळी तळाला गेली! मग खारफुटीमुळे मासे कमी होतात, असे म्हणायचे का? अर्थातच नाही. त्या वर्षी अरबी समुद्रात वादळांवर वादळे आली आणि होड्यांचे कित्येक दिवस वाया गेले. त्याआधीची अनेक वर्षे समुद्र ओरबाडला जात होता. शिवाय खारफुटीच्या वाढलेल्या क्षेत्रातला काही भाग उपग्रहाची नजर सुधारल्यामुळे आलेला आहे, तर काही भाग खाड्या गाळाने भरत चालल्यामुळे. दहावीच्या मुलांपुढे हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत. सहसंबंध आणि कारण यांतला फरक शिकवायला यापेक्षा जवळचे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

उपग्रहाला हिरवे दिसते; त्या हिरव्याखालचे पाणी दिसत नाही. मुंबईत माहीमच्या खाडीकाठी तिवरांची दाट रांग आहे. तिवर हे फार सोशिक झाड, सांडपाण्यातही तरारून वाढते. नकाशावर ही खारफुटी आचऱ्याच्या खारफुटीइतकीच हिरवी दिसते. पण पाण्यात प्राणवायूच उरला नसेल तर त्या मुळांत पिल्ले यायची कुठून? पाळणाघराची इमारत उभी आहे, आत हवा नाही.

आता आपल्या किनाऱ्यावर खारफुटीशी खरेच कोण बांधलेले आहे ते पाहू. जिताडा खाडीत वाढतो. रायगडातले शेतकरी त्याची पिल्ले शेताच्या तळ्यात सोडून वाढवत आले आहेत. तांबोशीची पिल्ले मुळांत राहतात. बोय चिखलावरचे शेवाळ खरवडून खाते. चिंबोरी खारफुटीच्या चिखलातच बीळ करते. मादी अंडी सोडायला तेवढी समुद्राकडे जाते. कोळंबीच्या अनेक जातींचा प्रवास याच्या उलट आहे : अंडी समुद्रात, दोन-तीन आठवड्यांची इवली पिल्ले भरतीबरोबर खाडीत, काही महिने तिथे वाढ, आणि मग परत समुद्रात. पण सगळ्याच कोळंब्या अशा नाहीत. ट्रॉलरच्या जाळ्यात भरपूर येणारी, व्यापारात ‘करीकडी’ म्हणून ओळखली जाणारी जात सगळे आयुष्य समुद्रातच काढते. बोंबील मुख्यतः गढूळ, उथळ समुद्राचा. तारली आणि बांगडा पावसाळ्यात तळातून वर येणाऱ्या थंड, सकस पाण्याच्या आणि त्यावर वाढणाऱ्या प्लवकाच्या भरवशावर. महाराष्ट्राच्या बंदरांवर उतरणाऱ्या ढिगांत मोठा वाटा या दुसऱ्या गटाचा असतो.

याचा अर्थ खारफुटी कमी महत्त्वाची असा घेऊ नये. अर्थ असा, की ती कोणासाठी महत्त्वाची आहे ते स्पष्ट होते. जिताडा, बोय, चिंबोरी, खाडीतली कोळंबी हे मासे ट्रॉलरवाल्याचे नाहीत. ते पागून, गळाने किंवा हाताने पकडणाऱ्याचे आहेत. लहान होडी असलेल्याचे, किंवा होडीच नसलेल्याचे. राज्याच्या एकूण टनांत ते किरकोळ दिसतील. खाडीकाठच्या घरात मात्र तेच रोजचे जेवण आहे आणि तीच रोजची मिळकत आहे. ‘देशाचे मत्स्योत्पादन’ या मोठ्या शब्दाशी खारफुटी जोडण्याच्या नादात तिच्यावर खरोखर जगणारा माणूस चित्राबाहेर राहतो.

हा माणूस चित्राबाहेर राहिला की काय होते, याची दोन उदाहरणे देतो. पहिले फिलिपाइन्सचे. तिथे मत्स्यतळ्यांसाठी खारफुटी मोठ्या प्रमाणावर तोडली गेली आणि पुढे लावणीच्या मोठमोठ्या मोहिमा झाल्या. जुर्गेन प्रिमावेरा यांनी २००८ साली एका सहकाऱ्याबरोबर या मोहिमांचा आढावा घेतला. भरपूर पैसा ओतूनही रोपे जगण्याचे प्रमाण १० ते २० टक्के होते. कारण साधे. खारफुटीची मूळ जागा तळ्यांनी व्यापलेली, म्हणून रोपे लावली गेली ती ओहोटीच्या खालच्या रेषेजवळ, उघड्या चिखलावर किंवा सागरी गवताच्या कुरणांत, जिथे खारफुटी स्वतःहून कधी उगवली नसती. मेली ती रोपे तर गेलीच, पण गवताची कुरणेही तुडवली गेली. आणि ती कुरणे स्वतःच कित्येक माशांच्या पिल्लांची जागा असतात. ‘झाड म्हणजे पाळणाघर’ एवढेच डोक्यात बसले, की बिनझाडाची जागा रिकामी दिसू लागते.

आपल्याकडचा उघडा चिखलही असाच रिकामा दिसतो. ओहोटीला त्यावर उतरणाऱ्या बायकांना विचारा. तिसऱ्या, शिवल्या, कालवे यांची टोपली त्या चिखलावरून आणि खडकांवरून भरते. ठाण्याच्या खाडीतले रोहित येतात ते चिखलासाठी, झाडासाठी नव्हे. शाळांच्या वृक्षारोपणाच्या उत्साहात खाडीकाठी रोपे लावायला मुलांना नेताना, त्या जागी आधी झाडे होती का आणि आज तिथे कोण काय वेचते, एवढे दोन प्रश्न आम्ही हल्ली विचारतो. एका ठिकाणी उत्तर ऐकून रोपे परत आणली. मुले हिरमुसली, हे खरे.

दुसरे उदाहरण उरण-पनवेलचे. बंदर, शहर आणि रस्ते यांसाठी तिथल्या खाड्यांत भरणी झाली, खारफुटी गेली, ओहोळ बुजले. मच्छीमारांनी दाद मागितली तेव्हा २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातील पीठाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भागाकार केला तर कुटुंबामागे सुमारे ५ लाख ८४ हजार रुपये. या आदेशात आम्हाला महत्त्वाची वाटते ती मोजण्याची रीत. इथे एकक हेक्टर नाही, कुटुंब आहे. किती झाडे गेली याइतकेच भरतीचे पाणी कुठे अडले आणि होडी नेण्याची वाट कुठे बंद झाली, हे प्रश्नही तिथे विचारले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यात खारफुटी तोडायला मनाई केली आणि तिचा फार मोठा उपयोग झाला. पण खारफुटी मारायला कुऱ्हाड लागतेच असे नाही. बांध घालून भरती अडवली की झाड उभ्याउभ्या वाळते, आणि झाड वाळण्याच्या कितीतरी आधी मासा यायचा थांबतो. खारभूमीच्या बांधाला उघाडी असते. ती कोण उघडते, केव्हा उघडते, की गंजून कायमची बंद आहे, यावर आतल्या कोळंबीचे भवितव्य ठरते. आम्ही पाहिलेल्या एकाही भित्तिचित्रात उघाडी नव्हती.

आणि जाळेही नव्हते. पाळणाघर कितीही उत्तम राखले, तरी त्याच्या दारात लहान आसाचे जाळे लावून बाहेर पडणारे प्रत्येक पिल्लू पकडले तर काय उपयोग? पापलेटाचे उदाहरण घ्या. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटाला राज्यमासा ठरवले. पापलेट खारफुटीचा मासा नव्हे. त्याची बोटभर पिल्ले उत्तर कोकणात डोलीत सापडतात आणि मातीमोल भावाने जातात. त्याच वर्षी राज्याने पापलेटासह ५४ जातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरवून दिली. या माशाला झाड वाचवणार नाही, फूटपट्टी वाचवेल. अर्थात ती बंदरावर कोणी लावली तर. खारफुटीवर सगळा भार टाकला, की या दुसऱ्या, अधिक भांडणाच्या प्रश्नाकडे पाहायचे टळते. रोपे लावण्याचा समारंभ करता येतो. आसाचा आकार मोजायला गेले तर शेजाऱ्याशी वैर येते.

त्या शाळेतले चित्र नंतर मुलांनी पुन्हा काढले. बांगडा खोडून तिथे तांबोशी आली. एका मुलीने झाडाच्या पुढे रुंद तपकिरी पट्टा रंगवून त्यावर वाकलेली तिची आजी काढली. बांगड्याला समुद्र हवा म्हणून कागद अपुरा पडला, तेव्हा उजवीकडे आणखी एक कागद चिकटवला. बांध आणि उघाडी डावीकडे आली. जाळे कुठे काढायचे यावर मात्र वर्गात चांगलाच वाद झाला, कारण ज्या मुलाने बांगड्याची चूक काढली होती त्याच्याच काकाचे जाळे खाडीच्या तोंडाशी होते. शेवटी त्यानेच ते काढले, आहे तिथेच. आणि आस किती बोटांचा ते घरी मोजून येतो म्हणाला.